सतरावं कलम आणि पाचचा टोल

त्या कॉलेजात प्राचार्य उशिरा यायचे, पगार उशिरा व्हायचा, निकालांचं तर विचारूच नका. वेळेवर व्हायचा तो एकट्या मावशींचा टोल. दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात, जिन्याच्या तोंडाशी, परातीएवढी पितळी तबकडी टांगलेली होती आणि तिच्या शेजारच्या खिळ्याला लाकडी हातोडा. मध्यंतरी कोणाच्या तरी डोक्यात आलं म्हणून विजेची घंटा बसवली. ती महिन्याभरात घरघरायला लागली आणि हातोडा पुन्हा मावशींच्या हातात आला. समोरच्या रस्त्यावरचा चष्मेवाला त्यांच्या टोलावर दुकानातली घड्याळं लावायचा. "मावशी, तुमचा टोल चुकला ना, तर मी सूर्याला नोटीस पाठवीन," असं म्हणायचा. मावशींना हे कौतुक मनातून आवडायचं, पण चेहऱ्यावर दाखवतील तर शपथ.

मावशी हे अर्थातच नाव नव्हे. शिपाई म्हणून लागल्या त्या दिवसापासून एकोणीस वर्षं त्यांना दुसरं काही कोणी म्हटलं नव्हतं, इतकंच. त्यांची स्वतःची मुलगी त्याच कॉलेजात शिकायला आली, तेव्हा व्हरांड्यातल्या गर्दीत एकदा तिच्याही तोंडून "मावशी, खडू द्या ना" असं निघून गेलं. मायलेकी त्यावर आठवडाभर हसत होत्या.

बाई फटकळ होत्या. भिंतीवर नाव कोरणाऱ्या पोराला त्या सांगायच्या, "परीक्षेच्या पेपरात चार ओळी लिहिताना हात दुखतो, इथे बरा चालतो रे!" नवऱ्याच्या मागे बारा वर्षं दोन खोल्यांत संसार ओढायचा, मुलीला शिकवायचं, तर जिभेला धार हवीच. वर्षातून एक दिवस मात्र मावशी कोणाला काही बोलायच्या नाहीत. तो म्हणजे तहाचा दिवस.

हा दिवस इतिहास शिकवणाऱ्या सरांनी काढलेला. अडतीस वर्षांपूर्वी शेजारच्या देशाशी झालेली लढाई थांबली, तेव्हा दोन्हीकडची मोठी माणसं एका टेबलाशी बसली आणि अकरा दिवस घासाघीस करून त्यांनी तह केला. सरांनी त्या अकरा दिवसांचा एक दिवस केला. शेवटच्या वर्षाच्या मुलांचे दोन गट व्हायचे, चिठ्ठ्या टाकून. एक गट 'आपण', दुसरा 'ते'. सभागृहात लांब टेबल लागायचं. त्या तहाच्या मूळ मसुद्यातलं एकेक कलम एकेका पुठ्ठ्याच्या कार्डावर लिहिलेलं असायचं आणि टेबलाच्या टोकाला तीन ट्रे: 'मान्य', 'अमान्य' आणि 'पुढे पाहू'. प्रत्येक कलमाला मार्क ठरलेले. सकाळी दहाला टोल पडला की बोलणी सुरू, पाचला टोल पडला की तह झाला. पाचच्या टोलाआधी मान्य झालेलं कलमसुद्धा उलटवता यायचं. टोलानंतर मात्र कार्डाला हात लावायचा नाही.

टेबलं जोडणं, पाण्याचे ग्लास मांडणं, कार्डं क्रमाने लावणं, हे सगळं मावशींकडे. भिंतीवर नऊ नियमांचा एक कागद चिकटवायचा असे. एकोणीस वर्षं मावशींनी तो खळ लावून चिकटवला, दुसऱ्या दिवशी ओला करून खरवडून काढला आणि एकदाही वाचला नाही. नियम पोरांसाठी होते, आणि मावशींना टोल कधी द्यायचा ते ठाऊक होतं.

कार्डं मात्र त्या वाचायच्या. खरं म्हणजे एकच कार्ड, सतराव्या कलमाचं. "दोन्ही पक्षांनी आपल्या ताब्यातील सर्व कैद्यांच्या याद्या तीस दिवसांच्या आत द्याव्यात व यादीतील प्रत्येकास घरी पाठवावे."

मावशींचा दादा त्या लढाईत होता. बावीस वर्षांचा, पुलावरच्या चौकीत वायरलेसवर. मावशी तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. तह झाल्यावर त्याच्या तुकडीतला एक जण सुटून आला आणि मुद्दाम घरी येऊन सांगून गेला, की दादाला त्याने रांगेतून चालताना डोळ्यांनी पाहिलंय, उजव्या हाताला फडकं बांधलेलं होतं, बूट काढून घेतले होते, पण चालत होता. एवढंच. पुढची बातमी कधी आलीच नाही. खऱ्या तहात सतरावं कलम शेवटच्या तासाला 'पुढे पाहू' झालं होतं. त्यासाठी एक समिती नेमली, ती दोनदा चहा प्यायला जमली आणि मग जमायचीही थांबली. समोरच्यांनी आपण होऊन ज्यांची नावं दिली ते परत आले. दादाचं नाव कोणी दिलं नाही.

मावशींच्या आईने शेवटच्या दिवसापर्यंत घराच्या दाराला आतून कडी घालू दिली नाही. पोरगा आला आणि दार बंद दिसलं तर, हा तिचा हिशेब. सैनिकांच्या कार्यालयातून दर दोन-तीन वर्षांनी एक फॉर्म यायचा: बेपत्ता व्यक्तीस मृत समजण्यास कुटुंबाची हरकत नाही, खाली सही करा, फाईल बंद करायची आहे. म्हातारी तो पत्र्याच्या पेटीत टाकायची. मरताना तिने मावशींचा हात धरून सांगितलं होतं, "यादी आल्याशिवाय सही करू नकोस हो." मावशींनी केली नव्हती. पेटीत असे तेरा फॉर्म जमले होते.

आणि दरवर्षी तहाच्या दिवशी, एकोणीस वेळा, मावशींनी पाहिलं होतं ते हे, की दुपारच्या चहाच्या आत सतरावं कार्ड 'पुढे पाहू'मध्ये जाऊन पडतं. "सोड ते, दोनच मार्क आहेत," असं कोणीतरी म्हणायचं आणि पोरं नदीच्या पाण्याकडे, खाणीकडे, बंदराकडे वळायची. त्यांचा काय दोष! मावशी टोल देऊन टेबल आवरायला लागायच्या आणि ते कार्ड ट्रेमधून सगळ्यांत शेवटी उचलायच्या. मनात एकच होतं. खोटं तर खोटं, खेळातलं तर खेळातलं, एकदा तरी ते कार्ड 'मान्य'च्या ट्रेमध्ये पडलेलं बघायचं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

गेल्या वर्षी मात्र टेबल आवरता आवरता त्या सरांना म्हणाल्या, "सर, एक विचारू? ह्या सतराव्याला दोनच मार्क का?"

सर चष्मा पुसत थांबले. "का हो मावशी?"

"काही नाही. माणसं आहेत त्यात, म्हणून विचारलं."

सर भला माणूस. पुढे काही न विचारता त्यांनी वहीत टिपून घेतलं आणि या वर्षी सतराव्याला दहा मार्क केले.

या वर्षी आणखी एक झालं. मावशींची लेक शेवटच्या वर्षाला होती. राजधानीत परराष्ट्र खात्याची एक शाळा आहे. तहाच्या दिवशी ज्याचं काम सगळ्यांत सरस ठरेल, त्या एकाची शिफारस कॉलेज तिथे करायचं. लेकीने तीन वर्षं तोच ध्यास घेतला होता. चिठ्ठ्या पडल्या त्या दिवशी ती उड्या मारत घरी आली. ती एका गटाची प्रमुख झाली होती. गट होता 'ते'.

"म्हणजे दादा तुझ्याकडे आहे तर," मावशी पोळी लाटता लाटता म्हणाल्या.

"कोण माझ्याकडे?"

"कैदी गं. कैदी 'ते' लोकांकडे ना?"

"आई, काहीतरीच तुझं! कार्डावर आहेत ते," लेक हसली. भिंतीवर मामाचा फोटो होता, पण ती जन्मल्यापासून तो भिंतीवरच होता. घड्याळाकडे बघताना माणूस खिळ्याकडे बघत नाही, तसं तिचं त्या फोटोशी होतं. मावशीही हसल्या आणि विषय तिथेच संपला. त्या दिवशी त्यांनी पोरीला समोर बसवून दोन शब्द सांगितले असते तर? पण परीक्षेच्या तोंडावर मुलीच्या डोक्याला नसता ताप कशाला द्यायचा, असा विचार आईने केला.

तहाचा दिवस उजाडला. समोरच्या गटाचा प्रमुख एक उंच, सावकाश बोलणारा मुलगा होता. पोरं त्याला वकील म्हणायची. लेक आणि वकील यांची जुंपली ती पाहण्यासारखी. पाणी निम्मं निम्मं झालं. बंदर लेकीने घेतलं. दुपारी दीडला अकराव्या कलमातली खाण वकिलाकडे गेली, पंधरा मार्क. मावशी पाणी ठेवायला आत जायच्या आणि कान टवकारून बाहेर यायच्या. लेक मध्येच कागद गोळा करायची, खुर्ची मागे सारायची आणि म्हणायची, "परवडत नसेल तर राहू द्या, आम्ही निघतो." मावशींना हसू आवरेना. भाजीवाल्याशी त्या स्वतः असंच करायच्या. पोर लहानपणापासून पिशवी धरून शेजारी उभी असायची. आपली घासाघीस एवढ्या मोठ्या टेबलावर चाललेली पाहून त्यांचा ऊर भरून आला.

चहा झाला. सतरावं कार्ड अजून टेबलावरच होतं. मावशींनी ट्रेमध्ये दोनदा पाहून खात्री करून घेतली. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं.

साडेचारला त्या हातोडा घेऊन व्हरांड्यात उभ्या राहिल्या. तिथून सभागृहाच्या खिडकीतून टेबलही दिसायचं आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळही. पावणेपाचला टेबलावर एकच कार्ड उरलं. वकिलाने त्यावर सही केली आणि ते लेकीपुढे सरकवलं. लेकीने पेन उचललं. खाली ठेवलं. पुन्हा उचललं. वकील हाताची घडी घालून मागे रेलला आणि गप्प बसून राहिला. सर कोपऱ्यात मान खाली घालून मार्कांची बेरीज करत होते. वेळेची काळजी त्यांनी कधी केलीच नव्हती, वेळ मावशींकडे असायची.

मावशींना वाटलं, पोर विचारात पडली. तिला मामा आठवला. करील सही, करील. तिला थोडा वेळ हवा आहे, एवढंच. आणि टोल पडला तर कार्ड टेबलावरच राहणार, म्हणजे गेलंच की ते! जे 'मान्य'मध्ये नाही ते गेलं, असंच त्यांना वाटत होतं.

पाच वाजले. मावशींचा हात उठला नाही.

खालच्या वर्गांत बाकं सरकायला लागली. कोणीतरी जिन्यातून डोकावलं, मावशींकडे पाहिलं आणि आपलंच घड्याळ चुकलं असेल म्हणून परत गेलं. रस्त्यापलीकडे चष्मेवाला दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. पाच वाजून दोन मिनिटं. तीन. मावशींनी हातोडा दुसऱ्या हातात घेतला. एकोणीस वर्षांची अब्रू होती ती, आणि ती त्या मिनिटामिनिटाने खर्च करत होत्या. कर बाई सही, कर.

पाच वाजून पाच मिनिटांनी वकिलाने घड्याळाकडे पाहिलं. मग दाराकडे. मग खिडकीतून थेट मावशींकडे. त्याची हाताची घडी सुटली. लेकीनेही घड्याळ पाहिलं आणि ती ताठ बसली.

"टोल झालेला नाही," ती म्हणाली. "म्हणजे अजून सगळं उघडं आहे. ऐका, याद्यांचं पुढे पाहू. नाहीतर मी अकरावं कलम परत टेबलावर घेते. खाण उलटवते."

"खाण मान्य झाली आहे," वकील म्हणाला.

"टोल होईपर्यंत काहीच मान्य नसतं."

"याद्या देण्यात तुमचं जातं काय?"

"तुमची खाण जाईल, त्याचं बोला. मी तीनपर्यंत मोजते."

तिला तीनपर्यंत मोजावं लागलं नाही. वकिलाने पुन्हा एकदा खिडकीकडे पाहिलं, सतराव्या कार्डावरची आपली सही खोडली आणि कार्ड ढकललं. लेकीने ते उचलून 'पुढे पाहू'मध्ये ठेवलं. नीट, कोपरे जुळवून.

पाच वाजून नऊ मिनिटं झाली होती. मावशींनी टोल दिला. तो इतका हलका पडला, की त्यांना परत द्यावा लागला.

मग सरांनी सगळ्यांना जवळ बसवून चर्चा घेतली. मावशी ग्लास गोळा करत होत्या. सरांनी लेकीला विचारलं, "कैद्यांच्या याद्यांना तुमचा एवढा विरोध का? कारण सांगता येईल?"

"येईल, सर," लेक म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "यादी दिली की आमच्याकडे किती जण जिवंत आहेत ते कळतं. मग जे यादीत नाहीत त्यांचं काय केलंत, हा पुढचा प्रश्न येतो. त्याला आमच्याकडे उत्तर नाही. यादीच दिली नाही तर प्रश्नच येत नाही. लोक वाट बघत बसतात, आणि वाट बघणारा माणूस भांडायला येत नाही."

"वा!" सर म्हणाले. "खऱ्या टेबलावर असंच कोणी बोललं असेल, सांगता येत नाही." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मावशींच्या हातात सहा ग्लास होते. ते त्यांनी एकेक करून परत टेबलावर ठेवले. अडतीस वर्षं ज्याचं उत्तर मिळालं नव्हतं ते त्यांच्याच पोरीने उभं राहून, स्पष्ट आवाजात, चार-पाच वाक्यांत सांगितलं होतं. आणि त्यात कोणाचा राग नव्हता, द्वेष नव्हता. एक हुशार मुलगी होती आणि तिला पहिलं यायचं होतं.

शिफारस लेकीचीच झाली. सभागृह रिकामं झालं तेव्हा वकील मागे रेंगाळला.

"मावशी, आज टोल उशिरा झाला."

"झाला खरा."

"तक्रार नाही करत. पण मी तुमच्या भरवशावर बसलो होतो." त्याने भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. "नववा नियम आहे ना. टोलाच्या वेळी जे कार्ड टेबलावर राहील, ते मूळ मसुद्याप्रमाणे मान्य धरायचं. मला नुसतं गप्प बसून राहायचं होतं. पाचला टोल पडला असता, तर याद्या द्याव्याच लागल्या असत्या त्यांना."

तो निघून गेला. मावशी कागदापाशी गेल्या आणि त्यांनी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा नववा नियम वाचला. मुलाने सांगितलं होतं तसाच होता. मग त्यांनी तो कागद ओला केला आणि खरवडून काढला.

घरी जाताना लेकीची बडबड थांबत नव्हती. राजधानी, वसतिगृह, मुलाखत. चष्मेवाल्याच्या दुकानासमोर तिला एकदम आठवलं. "आई, पण टोल उशिरा का दिलास गं? तू तर कधी..."

"सतरावं टेबलावर होतं म्हणून," मावशी म्हणाल्या. खोटं बोलायचं त्यांच्या मनात होतं, पण तोंडून खरंच निघालं. "वाटलं, तू सही करशील."

लेक दहा-बारा पावलं चालली आणि उभी राहिली. तिचा चेहरा उतरत गेला. "मामा," ती म्हणाली. "आई, मला तो आठवलाच नाही गं. शप्पथ, दिवसभरात एकदाही आठवला नाही."

"तेव्हा टेबलाशी बसलेल्यांनाही कोणी आठवलं नसेल," मावशी म्हणाल्या. "चल, उशीर होतोय."

रविवारी सकाळी मावशींनी पत्र्याची पेटी काढली. तेरा फॉर्ममधला सर्वांत वरचा, सर्वांत नवा, त्यांनी लेकीपुढे ठेवला. "तुझं अक्षर चांगलं आहे. भर एवढा."

लेकीने वाचलं आणि तिचे डोळे भरून आले. "आई, नको ना. आजीने सांगितलं होतं ना तुला? यादी आल्याशिवाय..."

"यादी येत नसते, बाळा. का येत नाही ते कळलं आता. भर."

लेक एकेक रकाना भरत गेली. नाव. वय, तेव्हाचं. हुद्दा. शेवटी शेवटी एका रकान्यापाशी तिचं पेन अडलं. "'व्यक्तीच्या ठावठिकाण्याबाबत कुटुंबास असलेली माहिती,'" तिने वाचलं. "इथे काय लिहू?"

तुझ्याकडेच होता की गं, असं मावशींच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. पोरीला ते जन्मभर पुरलं असतं, आणि हातोडा तर त्यांच्याच हातात होता.

"लिही," त्या म्हणाल्या. "यादी मिळाली नाही."

लेकीने लिहिलं, सावकाश, एकही अक्षर न खोडता. मग तिने फॉर्म आईकडे सरकवला आणि मावशींनी खाली सही केली.

त्या दिवसापासून त्यांच्या घराच्या दाराला आतून कडी लागते. सोमवारी दहाला टोल पडला, तो मात्र मिनिटावर. चष्मेवाल्याने रस्त्यापलीकडून हात केला आणि आपली घड्याळं पुन्हा लावून घेतली.